सोलो बॅगपाइप स्पर्धांचे परीक्षक व्हायचे असेल तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई कॅनडात, ओंटारियोमध्ये राहतात. शाळेच्या पाइप बँडमधून त्या बॅगपाइपकडे वळल्या आणि गेली चार वर्षे हौशी गटाच्या पहिल्या श्रेणीत सोलो स्पर्धांत वाजवीत आहेत. आता त्यांना मान्यताप्राप्त परीक्षक व्हायचे आहे. त्याला किती वर्षे लागतात, परीक्षा कशी असते, परीक्षक झाल्यावर स्वतः स्पर्धेत उतरणे सोडावे लागते का, आणि लहानपणी शिकलेल्या हिंदुस्थानी गायनाचा येथे काही उपयोग आहे का, असे चार प्रश्न त्यांनी केले आहेत. मी मूळचा बेळगावचा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडून कवायतीच्या वेळी येणारे पाइप्सचे सूर ऐकत लहानाचा मोठा झालो, पण वाद्य रीतसर शिकलो ते शिक्षणासाठी कॅनडात आल्यावर. गेली सोळा वर्षे परीक्षकाचे काम करतो आहे, तेव्हा उत्तर थोडे लांबेल, हे आधीच सांगून ठेवतो.

थेट उत्तर असे की आज पहिल्या श्रेणीत असलेल्या वादकाने सहा ते आठ वर्षांचा हिशेब धरावा. त्यातली निम्मी वर्षे परीक्षकपदाच्या तयारीत जात नाहीत. ती व्यावसायिक श्रेणीत पोहोचून तेथे काही हंगाम वाजवण्यात जातात. उत्तर अमेरिकेतल्या संघटनांत, म्हणजे १९४७ साली स्थापन झालेल्या ओंटारियोच्या संघटनेत काय किंवा १९६४ पासून चालत आलेल्या पूर्व अमेरिकेच्या संघटनेत काय, हौशी वादक पाचव्या श्रेणीपासून पहिलीपर्यंत चढत जातो आणि त्याच्यावर व्यावसायिकांची श्रेणी असते. परीक्षकाने त्या वरच्या श्रेणीत वाजवलेले असावे, अशी साधारण अपेक्षा असते. त्यानंतर अर्ज, ज्येष्ठांच्या शिफारशी, लेखी आणि श्रवणाची परीक्षा, अनुभवी परीक्षकाशेजारी बसून केलेले सरावाचे परीक्षण, आणि मग खालच्या श्रेणींपुरती मान्यता, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. तपशील संघटनेगणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या संघटनेची चालू नियमावली मुळातून वाचावी; दुसऱ्याने सांगितलेल्या नियमावर विसंबून एक हंगाम फुकट घालवलेले दोघे जण मला ठाऊक आहेत.

एक गोष्ट मात्र पहिल्याच टप्प्यावर ठरवावी लागते. मान्यता सरसकट ‘बॅगपाइपची’ मिळत नाही. सोलो वादनाचे दोन मोठे विभाग आहेत. पीब्रोख, ज्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत क्योल मोर म्हणजे ‘मोठे संगीत’ म्हणतात, हा एक. आणि मार्च, स्ट्रॅथस्पे, रील, हॉर्नपाइप, जिग हे कवायतीच्या व नाचाच्या धुनांचे सगळे प्रकार ज्यात येतात ते क्योल बेग, म्हणजे ‘छोटे संगीत’, हा दुसरा. बडा ख्याल आणि छोटा ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही. दोन्हींच्या परीक्षक याद्या सहसा वेगळ्या असतात, आणि बँडच्या परीक्षकांची यादी त्याहून निराळी. तुमचा आजवरचा अनुभव मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रीलचा असेल तर आधी त्याच यादीसाठी अर्ज करावा. मी स्वतः पीब्रोखच्या यादीत सात वर्षांनी आलो, आणि तेही थोडे लवकरच झाले असे आज वाटते.

मान्यतेची ही व्यवस्था आली कोठून, हे थोडे समजून घेतले तर परीक्षेतले प्रश्न असेच का असतात ते कळते. लंडनच्या हायलँड सोसायटीने १७८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क येथे पाइपर्सची स्पर्धा भरवली, तेथून संघटित स्पर्धांची परंपरा धरली जाते. पुढे इन्व्हर्नेसची नॉर्दर्न मीटिंग, जिची स्थापना १७८८ ची, आणि १८७१ मध्ये स्थापन झालेली ओबानची आर्गाइलशर गॅदरिंग, ही दोन ठिकाणे सोलो वादनाची शिखरे झाली. हायलँड सोसायटीचे सुवर्णपदक आजही याच दोन ठिकाणी दिले जाते. पण त्या जुन्या स्पर्धांत परीक्षकाच्या खुर्चीवर बसणारे बहुधा जमीनदार, सरदार आणि लष्करी अधिकारी असत, आणि समोर वाजवणारे त्यांच्याकडे किंवा त्यांच्यासारख्यांकडे चाकरीला असलेले पाइपर. त्यातल्या काहींना संगीताची उत्तम जाण होती, काहींना मुळीच नव्हती. ‘वाजवणाऱ्याला वाजवता येते आणि निकाल देणाऱ्याला येत नाही’ ही तक्रार विसाव्या शतकातही बराच काळ चालू राहिली. परीक्षकाने स्वतः वरच्या पातळीवर वाजवलेले असले पाहिजे, हा आजचा आग्रह त्या तक्रारीतून आला आहे. तो योग्य आहे, पण पुरेसा नाही, हे सोळा वर्षांत मला पुरते कळले आहे. उत्तम वादक आणि वाईट परीक्षक, अशी माणसे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत.

स्कॉटलंडची रीत आणि आमच्याकडची रीत यांत एक मोठा फरक आहे आणि तो तुमच्या तयारीशी थेट संबंधित आहे. स्कॉटलंडच्या सोलो स्पर्धांत परंपरेने फक्त निकाल जाहीर होतो: पहिला, दुसरा, तिसरा. वादकाला लेखी अभिप्राय मिळण्याची पद्धत तेथे रुळलेली नव्हती. कोणाला आपले काय चुकले हे जाणून घ्यायचे असेल तर तो नंतर परीक्षकाला गाठून विचारतो. उत्तर अमेरिकेत हौशी श्रेणींत प्रत्येक वादकाला लिहिलेले पत्रक मिळते. म्हणजे येथील परीक्षकाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. कान वादनाकडे लावायचा आणि हात कागदावर चालवायचा. ज्यांना ही दोन कामे एकत्र जमत नाहीत, त्यांचा कान कितीही तयार असला तरी दुपारपर्यंत ते थकून जातात आणि शेवटच्या पाच वादकांवर अन्याय करतात.

हे किती घट्ट असते ते पाहा. चौथ्या श्रेणीतल्या मुलाने चार भागांचा एक मार्च वाजवला, प्रत्येक भाग आठ बारांचा (बार म्हणजे ठोक्यांचा एक ठरावीक खंड) आणि दोनदा वाजवायचा, तर चौसष्ट बार होतात. बारात दोन ठोके धरले तर एकशे अठ्ठावीस ठोके, म्हणजे पायाच्या मध्यम गतीने जेमतेम दोन मिनिटे. एवढ्या वेळात ड्रोन, म्हणजे एकच सूर अखंड धरणाऱ्या नळ्या, जुळलेले आहेत का, ते वादन संपेपर्यंत जुळलेले राहिले का, चँटरचे, म्हणजे बोटांनी वाजवायच्या नळीचे, नऊ सूर जागेवर आहेत का, फुंक स्थिर आहे का, हाताखालचे अलंकार पुरे वाजतात का, गती टिकते का, आणि या सगळ्यांतून धून धून म्हणून ऐकू येते का, हे ऐकायचे. आणि त्या मुलाला घरी जाऊन उपयोग होईल अशी पाच-सहा वाक्ये लिहायची. पुढचा वादक तोवर ड्रोन जुळवीत समोर येऊन उभा असतो.

लिहिण्याच्या या कौशल्यावरच सर्वाधिक उमेदवार अडतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘ठेका सांभाळावा’, ‘बोटांवर अधिक मेहनत हवी’ अशी वाक्ये परीक्षकाला सुचतात तेव्हा तो ऐकणे थांबवून लिहू लागलेला असतो. त्याऐवजी ‘तिसऱ्या भागाच्या पहिल्या ओळीत डी थ्रो घेताना खालचा जी ऐकू येत नाही, त्यामुळे डीवर येणारा जोर आधीच्या सुरावर सांडतो’ असे लिहिले (डी, जी ही पाश्चात्त्य पद्धतीतली सुरांची नावे, आणि डी थ्रो हा डीवर येताना घ्यायचा अलंकार) तर मुलाच्या शिक्षकाला उद्या कोठे हात घालायचा ते कळते. बॅगपाइपमध्ये आवाज मध्येच थांबवता येत नाही आणि लहानमोठाही करता येत नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तरी मध्ये दुसऱ्या सुराचा निमिषभराचा छेद द्यावा लागतो. त्याला ग्रेसनोट म्हणतात. आपल्या कणस्वराशी ती दिसायला मिळतीजुळती असली तरी काम निराळे करते, कारण जोर दाखवण्याचे दुसरे साधनच वादकाकडे नसते. म्हणून अपुरी ग्रेसनोट हा नुसता तांत्रिक दोष नाही. तिच्याबरोबर लयीचा आघात नाहीसा होतो. अभिप्रायात कारण आणि परिणाम असे दोन्ही आले पाहिजेत. सरावासाठी मी नवोदितांना एक उपाय सांगतो: ओळखीच्या नसलेल्या वादकांची दहा ध्वनिमुद्रणे घ्यावीत, प्रत्येक एकदाच ऐकावे, ते थांबल्यापासून एका मिनिटात पत्रक पुरे करावे, आणि आठवड्याने स्वतःचेच लिहिलेले वाचून मग पुन्हा ध्वनिमुद्रण ऐकावे. पहिल्या महिन्यात फार लाज वाटते. मला वाटली होती.

आता परीक्षेबद्दल. माझ्या वेळी लेखी भागात संगीतलेखन, तालाचे प्रकार, अलंकारांची अचूक मांडणी आणि स्पर्धेचे नियम होते. वाजवलेली ओळ ऐकून लिहून दाखवायची होती. ध्वनिमुद्रित वादने ऐकून त्यांचा क्रम लावायचा होता. आणि शेवटी तीन ज्येष्ठांसमोर त्या क्रमाचे समर्थन करायचे होते. बहुतेक जण लेखी भागाची धास्ती घेतात, पण उमेदवार गळतात ते समर्थनात. ‘हा मला आवडला’ एवढेच ज्याला सांगता येते, तो तेथे टिकत नाही. आणि ज्याने फक्त चुकांची गोळाबेरीज केली आहे तोही टिकत नाही. ग्लासगोचे नॅशनल पायपिंग सेंटर आणि पायपिंग-ड्रमिंगच्या प्रमाणपत्र मंडळाच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षा या लेखी तयारीसाठी चांगल्या आहेत. त्या आधीच दिलेल्या असतील तर निम्मे ओझे उतरते.

चुकांच्या बेरजेचा मुद्दा मला माझ्या सरावाच्या परीक्षणात शिकावा लागला. पावसाळी सकाळ होती, मैदानावर तंबूखाली टेबल, आणि दुसऱ्या श्रेणीचे अकरा वादक. मी एका ज्येष्ठ परीक्षकाशेजारी बसून माझी स्वतंत्र पत्रके लिहीत होतो; माझा निकाल कोणाला लागू होणार नव्हता, फक्त त्यांच्या निकालाशी ताडून पाहिला जाणार होता. चौथ्या पाळीला वाजवायला आलेल्या मुलाची बोटे इतकी स्वच्छ होती की माझ्या कागदावर त्याच्याविरुद्ध एकही खूण नव्हती, आणि मी त्याला पहिला ठेवला. ज्येष्ठांच्या कागदावर तो पाचवा होता. त्यांनी वाद घातला नाही. ‘दुसरा भाग दुसऱ्यांदा वाजवला तेव्हा वरचा ए कोठे होता?’ एवढेच विचारले. मला आठवेना. दमट हवेत त्याचे ड्रोन हळूहळू सरकले होते, चँटर मात्र हातात तापून चढत गेला होता, आणि मी बोटांकडे पाहत बसल्यामुळे ते ऐकलेच नव्हते. शिवाय, त्यांनी सांगितले, स्ट्रॅथस्पेचे चारही ठोके त्याने सारखेच वाजवले. स्ट्रॅथस्पेमध्ये बळकट, हलका, मध्यम, हलका असा श्वास असतो. तो नसला तर उरते ती बोटांची कसरत. ज्याला त्यांनी पहिले ठेवले, त्याच्या दोन उघड चुका माझ्या कागदावर ठळक होत्या. त्यांच्याही कागदावर होत्या. ‘त्या चुकांनंतरही धून चालतच राहिली,’ असे ते म्हणाले, आणि पुढच्या वादकाच्या नावाची विचारणा करण्यासाठी स्ट्यूअर्डकडे, म्हणजे वादकांना पाळीने पुढे पाठवणाऱ्या स्वयंसेवकाकडे, वळले.

येथेच तुमच्या गायनाच्या प्रश्नाचे उत्तर येते. उपयोग आहे, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. खालच्या एला षड्ज मानले तर चँटरवर खाली एक कोमल निषाद आणि त्याच्यावर षड्जापासून तार षड्जापर्यंतचे आठ सूर मिळतात, तेही कोमल निषाद धरून. म्हणजे आपला खमाज थाट. खाली तीन ड्रोन अखंड षड्ज धरून असतात: दोन टेनर एक सप्तक खाली, बास दोन सप्तके खाली. हे सूर पियानोप्रमाणे समान अंतरावर नसतात, ते ड्रोनशी मिळवलेले असतात. चँटरचा सी हा पाचास चार या गुणोत्तराचा शुद्ध गंधार आहे. तो तसा लागला की ड्रोनमध्ये विरघळतो आणि किंचित चढला की कानाला थरथर जाणवते. तंबोऱ्याच्या तारा जुळवताना हीच थरथर ऐकायची सवय तुमच्या गुरुजींनी लावली असेल. येथील कित्येक चांगल्या वादकांना ती पंचविशीनंतर मुद्दाम कमवावी लागते. वरच्या जीबाबत मात्र जपावे. बरेच वादक तो सातास चार या गुणोत्तराच्या जवळ ठेवतात, जो आपल्या नेहमीच्या कोमल निषादापेक्षा उतरलेला वाटतो. त्याला बेसूर म्हणण्याची घाई करू नये. आणि खालचा ए पट्टीच्या दृष्टीने कोठे आहे याला परीक्षणात फारसे महत्त्व नाही. आज तो साधारण ४७५ ते ४८५ हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे पियानोच्या बी फ्लॅटपेक्षाही वर. पट्टी कोणतीही असो, वाद्य स्वतःशी मिळालेले आहे का, एवढेच पाहायचे. सूर चढा असेल तर वादक भोकाच्या वरच्या कडेला चिकटपट्टी लावून तो उतरवतो. ती चिकटपट्टी पाहूनच निम्मे परीक्षक मत बनवतात, ते करू नये.

गायनाची सवय अडचणही करते. आस, मींड, आवाजाचे लहानमोठेपण यांची अपेक्षा आपला कान नकळत करतो. ती सोडून सुरांच्या लांबीतूनच भाव कसा उभा राहतो हे ऐकायला शिकावे लागते.

पीब्रोखमध्ये हे सर्वात जास्त लागते. आधी उर्लार, म्हणजे मूळ संथ धून; मग तिच्यावर चढत जाणारी रूपे: शूअल, तूर्लुआ, क्रूनलुआ आणि काही रचनांत क्रूनलुआ अ माख; आणि शेवटी पुन्हा उर्लारचा आरंभ. आठ-दहा मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत एकच वादन चालते. वरच्या गटांत वादक रचनांची यादी देतो आणि त्यातली कोणती वाजवायची ते परीक्षक निवडतात. ओबान आणि इन्व्हर्नेसच्या मोठ्या स्पर्धांसाठी रचना पीब्रोख सोसायटी दर वर्षी ठरवून देते. म्हणजे परीक्षकाला त्या वर्षीच्या सगळ्या रचना माहीत असाव्या लागतात, आणि माहीत असाव्या लागतात याचा अर्थ छापील पान समोर असणे असा नाही. एकाच रचनेचे वेगवेगळे पाठ आहेत. १७९७ च्या कॉलिन कॅम्पबेलच्या हस्तलिखितात सूर पाश्चात्त्य लिपीत लिहिलेले नाहीत, ते कान्तराख्क या बोलांच्या पद्धतीत आहेत. आपल्या तबल्याच्या बोलांप्रमाणे ‘हिहारिन’, ‘हिओदिन’ असे तोंडाने गाऊन शिकवायची ती रीत. १८३८ च्या अँगस मकायच्या संग्रहात तीच रचना पाश्चात्त्य लिपीत येते आणि काही ठिकाणी निराळी दिसते. शिवाय कॅमरन आणि मॅकफर्सन या दोन परंपरा आहेत, ज्यांना मी मनातल्या मनात घराणी म्हणतो. एका घराण्यात उर्लारच्या वाक्याअखेरीचा ई सूर लांबवतात तेथे दुसऱ्यात तो आखडता घेतात. परीक्षक ज्या घराण्यात शिकला त्याच्याबाहेरचे वादन समोर आले की त्याची खरी परीक्षा सुरू होते. ‘आमच्याकडे असे वाजवत नाहीत’ हा निकालाचा आधार होऊ शकत नाही. वादकाने घेतलेला पाठ कोणत्या तरी मान्य आधारावर उभा आहे का, आणि त्याने तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा पाळला का, हे विचारावे लागते.

माझी सवय अशी की पहिला उर्लार पुस्तक मिटून ऐकतो. पान समोर असले की डोळा सुरांमागे धावतो आणि वाक्ये हरवतात. चढत्या रूपांना सुरुवात झाली की पान उघडतो, कारण तेथे एखादा बार गाळला गेला तर ते ध्यानात आले पाहिजे. मोठ्या स्पर्धांत तीन परीक्षक एकत्र बसतात आणि निकाल कोठे चर्चेने, कोठे प्रत्येकाच्या क्रमांकांची बेरीज करून ठरतो. चर्चा असेल तर सर्वात नव्या परीक्षकाने आपला क्रम आधी सांगावा, असे माझे मत आहे, नाहीतर तो ज्येष्ठाच्या मागे गेलाच म्हणून समजा.

क्रम लावण्याची पद्धत ज्याची त्याने बसवायची असते. पहिल्या वादकाला मी क्रमांक देत नाही. त्याच्या पत्रकावर फक्त पातळीची एक खूण करतो. दुसऱ्यापासून प्रत्येकाला आधीच्यांच्या मध्ये बसवत जातो. दहाव्यानंतर मधल्या चौघांचा क्रम धूसर होतो, तेव्हा वाद्याचा मेळ आणि लय यांची दोन शब्दांची टिपणे उपयोगी पडतात. सकाळी सर्वात आधी वाजवणाऱ्यावर अन्याय होतो, हे वादकांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. परीक्षकाच्या हातात मापच आलेले नसते. म्हणून दिवस सुरू होण्यापूर्वी त्या श्रेणीतले चांगले वादन कसे असते, ते मी एकदा मनात ऐकून घेतो. शेवटच्या वादकानंतर स्ट्यूअर्ड दोन मिनिटांत निकाल मागतो, आणि तो तेव्हाच द्यावा.

तुमचा चौथा प्रश्न, स्पर्धा सोडण्याबद्दलचा, प्रामाणिकपणाशी निगडित आहे. नियम जागोजागी वेगळे आहेत. काही ठिकाणी वादक खालच्या श्रेणींचे परीक्षण करू शकतो, काही ठिकाणी एका हंगामात एकच भूमिका घ्यावी लागते. नियम परवानगी देत असला तरी, शनिवारी ज्यांच्यासमोर वाजवायचे त्यांच्या शिष्यांना शुक्रवारी क्रमांक द्यायचे, हे फार काळ जमत नाही. शिष्यांचा प्रश्न तर त्याहून नाजूक आहे. सोलो पायपिंगचे जग लहान आहे, प्रत्येक चांगला परीक्षक कोणाचा तरी शिक्षक असतो, आणि शिक्षकाने शिष्याचे परीक्षण करावे का यावर स्कॉटलंडमध्ये वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. माझा नियम कडक आहे: गेल्या वर्षभरात ज्याला एकही धडा दिला त्याच्या गटाला मी बसत नाही, आणि नेमणूक स्वीकारण्यापूर्वीच आयोजकांना तसे लिहून कळवतो. मैदानावर पोहोचल्यावर कळवणे म्हणजे आयोजकांची पंचाईत. यामुळे माझ्या नेमणुका कमी झाल्या, हे खरे आहे. मानधन तसेही प्रवासाच्या पेट्रोलपलीकडे फारसे उरत नाही, तेव्हा तोटा मोठा नाही.

या हंगामापुरते सांगायचे तर अर्जाची घाई करू नये. मैदानावर स्ट्यूअर्डचे काम मागून घ्यावे. १९४८ पासून ओंटारियोतल्या मॅक्सव्हिलला भरणाऱ्या ग्लेनगॅरी गेम्ससारख्या मोठ्या ठिकाणी स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात. टेबलापासून चार हातांवर उभे राहून दिवसभरात तीस-चाळीस वादने ऐकायला मिळतात, आणि परीक्षक केव्हा लिहितो, केव्हा पेन खाली ठेवतो, हे दिसते. स्वतःचा क्रम वहीत गुपचूप लिहून निकालाशी ताडून पाहावा. जेथे फरक पडेल तेथे आपणच चुकलो असे लगेच मानू नये, पण परीक्षक चुकले असेही मानू नये. दिवस संपल्यावर, परीक्षक सामान आवरीत असताना, जाऊन विचारावे. बहुतेक जण थांबून सांगतात. आणि पीब्रोख आतापासून शिकायला घ्यावे, पुस्तकावरून नव्हे, गाऊन शिकवणाऱ्या माणसाकडून. तुमचा गळा तयार आहे, तेव्हा कान्तराख्क तुम्हाला इतरांच्या मानाने लवकर येईल.